विंचू उतरला, पण पेशंटला घरी सोडायचं का?

रेवदंड्यात इतिहासाचा विषय निघाला की आपण कोटाकडे, पोर्तुगिजांकडे, चौलच्या बंदराकडे वळतो. आज मात्र आपल्याच जिल्ह्यातला, अगदी अलीकडचा इतिहास पाहू. विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात ठेवून घ्यायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला आपण कसे शिकलो?

आपल्या वाड्यांत नारळाची सोडणं, सरपणाची रास, दगडी गडगे, म्हणजे विंचवाला जागा कमी नाही. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो बहुधा लहानसा लाल विंचू. दंश झाला की मांत्रिकाकडे जायचं. कळ थांबली की 'विंचू उतरला' म्हणायचं आणि घरी यायचं. दवाखान्यातही फार वेगळं नव्हतं. दुखणं थांबवलं की काम झालं, असाच समज.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. हाताशी मोठी यंत्रं नव्हती. त्यांनी पेशंटजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून जे दिसलं ते समजुतीच्या उलट होतं. जो नुसता कळांनी ओरडतो, त्याला सहसा धोका कमी. ज्याला फारसं दुखत नाही, पण उलट्या होतात, दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, पुरुषाच्या लिंगाला ताठरता येते, त्याला जपायला हवं. काही तासांनी त्याच्याच फुप्फुसांत पाणी भरू शकतं. ही पूर्वलक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली.

म्हणजे 'विंचू उतरला' म्हणून आपण ज्याला घरी नेत होतो, त्यांतला एखादा नेमका थांबवून ठेवण्याजोगा होता.

असं का होतं? विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. त्यावर बावस्करांनी प्रॅझोसिन वापरलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते. पण गोळी दिली की काम संपलं, असं नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून पेशंटला आडवं ठेवायचं, पुन्हा पुन्हा तपासायचं, गरजेप्रमाणे तीन तासांनी पुढची मात्रा द्यायची. खाट आणि लक्ष ठेवणारा माणूस हा औषधाचाच भाग झाला.

बावस्कर पती-पत्नींच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांतले मृत्यू पूर्वी पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात होते, ते एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची ७० रुग्णांची चाचणी आली. प्रॅझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले; नुसत्या प्रॅझोसिनवर ३५ पैकी ८.

१९८१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या सेंट अ‍ॅग्नेस हॉस्पिटलात छातीत दुखणाऱ्यांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. आज मोठ्या हॉस्पिटलांच्या तातडीच्या विभागात 'ऑब्झर्वेशन'च्या खाटा असतात, त्यामागचा प्रश्न तोच : आत्ता बरा दिसणारा माणूस चार तासांनी कसा असेल? आपल्या जिल्ह्यात त्याचं उत्तर खेड्यातल्या दवाखान्यात, रात्रभर जागून शोधलं गेलं.

तेव्हा मंडळी, विंचू चावला तर कळ थांबली म्हणून उठू नका. डॉक्टर 'रात्रभर थांबा' म्हणाले, तर थांबा.