पैसे भरा, जाहिरात टाळा : एका जुन्या वायद्याची हकीकत

दिवाळी अंक हाती आला की आरंभीची काही पाने न वाचताच उलटायची, ही मराठी वाचकाची जुनी खोड आहे. त्या पानांवर साड्या असतात, पतपेढ्या असतात, मसाले आणि दंतमंजने असतात. वाचक त्यांच्यावर रागावत नाही. पाहुण्याच्या घरी शिरताना ओसरीवर बसलेल्या माणसांना नमस्कार करून आत जावे, तसा तो त्या पानांवरून आत जातो. ओसरीवरची ती मंडळी नसती तर माजघरातली पंगत उठली नसती, हे त्याला पुरते ठाऊक असते. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. त्या प्रथेला शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि आजही जाहिरातदाराने पाठ फिरवली तर किती संपादकांची दिवाळी अंधारात जाईल, हे मी सांगायला नको.

इतकेच कशाला, आपले एक नामांकित मासिक मुळात जाहिरातीच्याच पोटी जन्मले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती नांगर करणाऱ्या कारखान्याची खबर लोकांना कळावी म्हणून. नांगराच्या मागून कथा आल्या, लेख आले, आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडेही आली. तेव्हा जाहिरात म्हणजे केवळ उपद्रव, असे मराठी वाचकाने तरी म्हणू नये.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आज मी जी हकीकत सांगणार आहे ती जाहिरात टाळण्याची आहे. घरोघरी सध्या एक वाद चालला आहे. टीव्हीवर किंवा मोबाइलवर चित्रपट पाहायचा तर वर्गणी भरायची, हे आपण मान्य केले. आता त्या वर्गणीतही जाहिराती दिसणार, आणि त्या नको असतील तर वरचे पैसे वेगळे. अमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने २०१६ च्या डिसेंबरात भारतात दुकान मांडले, तेव्हा चित्रपट आणि मालिका मध्ये न थांबता दिसत. अमेरिकेत २९ जानेवारी २०२४ पासून आणि आपल्याकडे १७ जून २०२५ पासून त्यांत जाहिराती आल्या. टीव्हीच्या वाहिन्यांपेक्षा त्या बऱ्याच कमी ठेवू, असे कंपनीने सांगितले. ज्यांना त्याही नकोत त्यांच्यासाठी वर्षाला ६९९ रुपये किंवा महिन्याला १२९ रुपये असा जादा दर ठेवला. मूळ वर्गणी वर्षाची १४९९. मी शाळामास्तर असल्यामुळे गुणाकार केल्याखेरीज राहवत नाही. महिन्याच्या दराने बारा महिने भरले तर १५४८ रुपये होतात, म्हणजे जाहिरात काढून टाकण्याचा खर्च मूळ वर्गणीहून एकोणपन्नास रुपयांनी चढ!

भरावे की न भरावे? मला वाटते, उत्तर देण्याआधी मागे वळून पाहावे. कारण ‘पैसे द्या आणि जाहिरातीतून सुटा’ हा वायदा मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे. तो रेडिओइतका जुना आहे.

१९२२ साली एकाच वेळी दोन देशांनी दोन वाटा धरल्या. न्यूयॉर्कमध्ये टेलिफोन कंपनीने एक नभोवाणी केंद्र काढले. तिची समजूत सरळ होती: पैसे भरून माणूस टेलिफोनवर बोलतो, तसा पैसे भरून सर्व शहराशी का बोलू नये? २८ ऑगस्ट १९२२ रोजी एका इमारती बांधणाऱ्या कंपनीने तिथली वेळ विकत घेतली आणि तिच्या माणसाने भाषण केले. इमारतीला नॅथॅनियल हॉथॉर्न या कादंबरीकाराचे नाव दिले होते. म्हणून वक्त्याने आरंभी या साहित्यिकाचा गौरव केला आणि मग शहराच्या गर्दीतून निघून आमच्या मोकळ्या हवेच्या घरांत राहायला या, असे आवतण दिले. साहित्यिकाचे नाव घेऊन सदनिका विकण्याची कला तेव्हापासूनची आहे, हे आपल्या बांधकाम व्यावसायिकांनी ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी लंडनमध्ये बी.बी.सी. सुरू झाली. तिने जाहिरातीची वाट धरली नाही. ज्याच्या घरी रेडिओ त्याने वर्षाला दहा शिलिंग परवाना भरावा, आणि त्यातून कार्यक्रम व्हावेत.

आपण राज्यकर्त्यांच्या मागून गेलो. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईच्या केंद्राचे उद्घाटन केले. चालक एक खाजगी कंपनी. परवाना दहा रुपये. त्यातले आठ कंपनीला मिळत. हिशेब कागदावर ठीक होता. परंतु रेडिओचा संच घेण्याची ऐपत असलेली माणसे थोडी, आणि त्यांतूनही परवाना न काढता चोरून ऐकणारे काही निघाले. १९२९ अखेर साऱ्या हिंदुस्थानात परवाने आठ हजारही भरले नाहीत. १ मार्च १९३० रोजी कंपनीने कारभार गुंडाळला. सरकारने केंद्रे हाती घेतली खरी. पण १९३१ च्या ऑक्टोबरात तीही बंद करण्याचे ठरवले, आणि लोकांनी ओरड केली तेव्हा पुढच्याच महिन्यात तो बेत सोडला. केवळ ऐकणाऱ्याच्या पैशावर ऐकवायचे, तर ऐकणारे पुष्कळ हवेत. हा धडा आपल्याला इतक्या लवकर मिळाला होता.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट अधिक मौजेची. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जन्म पुण्याचा, शिक्षण पॅरिसपर्यंतचे, आणि शास्त्रीय संगीतावर निष्ठा. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. तिकडे सिलोनला महायुद्धाच्या वेळचे जबरदस्त प्रक्षेपक होते. दंतमंजनाच्या कंपनीने पैसे मोजले, अमीन सायानींचा आवाज आला, आणि ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी संध्याकाळी हिंदुस्थानातल्या बाजारपेठा कान टवकारून बसू लागल्या.

यातली गंमत पाहा. आकाशवाणीवर जाहिरात नव्हती, आणि तिच्यासाठी प्रत्येक घर परवान्याचे पैसे भरत होते. सिलोनवर जाहिरातच जाहिरात, आणि त्याला कोणी दमडी देत नव्हते. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या रेडिओच्या परवान्याचे पुस्तक मला सापडले. दर वर्षी पंधरा रुपये भरले, पोस्टातून तिकीट चिकटवून घेतले, वर शिक्का. पुस्तक इतके नीट ठेवलेले की जणू सातबाराचा उतारा. आणि आजी सांगे, त्या रेडिओचा काटा बुधवारी सिलोनवरून हलत नसे! पंधरा रुपये भारत सरकारला आणि कान दंतमंजनाला. केसकरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ज्या काळात घराण्याचे गवई संस्थाने गेल्यामुळे निराधार झाले होते, त्या काळात आकाशवाणीने त्यांना पगार दिला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु लोकांना जाहिरातीचा तिटकारा आहे आणि म्हणून ते जाहिरातीविना चालणाऱ्या केंद्राकडे येतील, ही समजूत चुकीची ठरली. लोक गाण्याकडे गेले. गाण्यामागून जाहिरात आली, तिलाही त्यांनी जागा दिली.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या. त्या प्रथम कुठे वाजल्या? मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. हा मान महाराष्ट्राचा. परवाना मात्र रद्द झाला नाही. पुढे मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन आले, ‘चिमणराव’ आणि ‘गजरा’ने शेजाऱ्यांची घरे भरली, आणि १ जानेवारी १९७६ पासून तिथेही जाहिराती सुरू झाल्या. टीव्हीचा परवाना होता वर्षाला पन्नास रुपये, तोही चालूच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हे परवाने गेले. म्हणजे कित्येक वर्षे आपण पैसेही भरले आणि जाहिरातीही ऐकल्या-पाहिल्या. आज एखादी परदेशी कंपनी असे करते म्हणून आपण डोळे विस्फारतो. सरकारने ते केले तेव्हा आपण रांगेत उभे राहून तिकीट चिकटवून घेत होतो. नव्वदच्या दशकात केबलवाला दर महिन्याला दारात येऊ लागला, तेव्हाही तेच.

सरळ पैसे घेऊन जाहिरातीविना टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेत, आणि त्याची गत काय झाली ती कथा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत रसाळ वाटते. पॅट वीव्हर हे एन.बी.सी. या बड्या वाहिनीचे एके काळचे अध्यक्ष. एकाच जाहिरातदाराच्या दावणीला सबंध कार्यक्रम बांधण्याऐवजी त्यातली मिनिटे अनेकांना विकावीत, या पद्धतीचा त्यांनी मोठा पुरस्कार केला. आज आपण जे ‘छोटासा ब्रेक’ म्हणून सोसतो त्याचे एक आजोबा तेच. तेच वीव्हर १९६४ साली कॅलिफोर्नियात उलटी पताका घेऊन उभे राहिले. तार घरात आणू, पाहाल त्याचे पैसे द्या, जाहिरात नाही. जुलैत लॉस एंजलिसमध्ये बेसबॉलचे सामने दाखवून त्यांनी आरंभ केला.

चित्रपटगृहांचे मालक खवळले. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि या योजनेवर राज्यात लोकमत घ्यायला लावले. घोषणा काय, तर ‘फुकट टीव्ही वाचवा’. आयुष्यभर तिकिटे विकणारी माणसे फुकटाचा कैवार घेऊन निघाली! नोव्हेंबर १९६४ मध्ये मतदान झाले, आणि सुमारे दोनास एक या प्रमाणात कॅलिफोर्नियाने पैसे घेऊन टीव्ही दाखवण्यावर बंदी घातली. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाविरोधी ठरवली, पण तोवर कंपनी मोडली होती.

हे लोक वेडे होते काय? ज्याला नको त्याने पैसे देऊ नयेत, इतकी साधी गोष्ट. मग दुसऱ्याने पैसे देऊन जाहिरात टाळली तर यांचे काय जात होते? मला वाटते, चित्रपटगृहवाल्यांच्या ओरडीखाली एक खरी भीती होती. आज जो सामना सर्वांना दिसतो, तो उद्या फक्त पैसे देणाऱ्याला दिसेल; चांगले ते भिंतीपलीकडे जाईल आणि अलीकडे राहील तो गाळ. १९७२ साली एच.बी.ओ. पेनसिल्व्हानियातल्या एका गावात ३६५ घरांना घेऊन सुरू झाली, आणि ती भिंत उभी राहू लागली ती आजतागायत वाढते आहे.

आणि इथेच आजची गोष्ट जुन्या गोष्टीहून निराळी होते. विविध भारतीची जाहिरात वाड्यातही वाजे आणि चाळीतही. दूरदर्शनवर साबणाच्या भुकटीचे गाणे लागले की कलेक्टरचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा तेच गाणे गुणगुणत शाळेत येत. परवा मी नववीच्या वर्गात सहज विचारले, सध्या कोणती जाहिरात तोंडपाठ आहे? पुष्कळ हात वर झाले. मागच्या बाकावरची दोन मुले गप्प होती. त्यांच्या घरी वरचे पैसे भरलेले असतात. त्यांना जाहिरात दिसतच नाही. वर्ग त्यांच्याकडे पाहून हसला, पण त्या हसण्यात थोडा हेवाही होता. एकच चित्रपट, तोच पडदा, आणि एकाला तो सलग, दुसऱ्याला तुकड्यातुकड्यांनी. रेल्वेचे वर्ग आपल्याला ठाऊक होते, नाटकाच्या खुर्च्यांचे दर ठाऊक होते. पण पाचव्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी नट मध्येच थांबून मसाला विकू लागला आणि पहिल्या रांगेसाठी न थांबता बोलत राहिला, असे नाटक आपण पाहिले नव्हते.

शिवाय ओसरीवरची जाहिरात वेगळी आणि देवघरात घुसलेली वेगळी. दिवाळी अंकाचे पान मी उलटू शकतो. सायानींची जाहिरात दोन गाण्यांच्या मध्ये येई. गाण्याच्या कडव्यात येत नसे. आता नायिका दार उघडते, आणि दारात मोटारसायकल उभी असते. या व्यत्ययाला किंमत लावली आहे. व्यत्यय जितका टोचेल तितके पैसे लवकर सुटतील, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

म्हणून माझे मत पैसे भरू नयेत असेच होते. एकदा वर्गणी भरली तेव्हा जो वायदा मिळाला होता, तोच पुन्हा विकत घ्यायचा, आणि या वेळी तरी तो किती वर्षे टिकेल याची लेखी मुदत कुठेच नाही. हा व्यवहार शाळेच्या सहकारी पतपेढीतही कोणी करणार नाही. घरात मी हे तीन वेळा समजावून सांगितले, पानशेतच्या पुरापासून सुरुवात करतो असा आरोपही सोसला.

आमच्याकडे माझी आत्या असते. वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात गेला. दुपारी आम्ही सारे बाहेर, आणि ती टीव्हीसमोर. जुने मराठी चित्रपट लावून देतो. जाहिरात आली की तिला वाटते चित्रपट संपला किंवा आपल्या हातून काही बिघडले. मग ती डाव्या हाताने रिमोटची कळ दाबत सुटते आणि चित्रपट हरवून बसते. संध्याकाळी मी आलो की अपराध्यासारखी म्हणते, “अरे, आज पुन्हा अर्धाच झाला बघ.”

दसऱ्याच्या दिवशी पैसे भरले. वर्षाचेच भरले, महिन्याचे नव्हे. मुलगी हसली, म्हणाली, “बाबा, तुमच्या इतिहासाचं काय?” मी म्हटले, इतिहास दिवाळी अंकाला दिला आहे. आत्याने त्या दुपारी एक चित्रपट अथपासून इतिपर्यंत पाहिला, आणि मी घरी आल्यावर मला तो सबंध सांगितला, गाण्यांसकट. चहा दोनदा गरम करावा लागला.