फास आणि पीळ : यंत्रनिर्मित लेसच्या इतिहासातील एक नामप्रश्न

मराठीतील 'विणणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. साळी मागावर लुगडे विणतो, गृहिणी दोन सुयांवर लोकरीचा सदरा विणते, कोळी जाळे विणतो, बुरूड टोपली विणतो आणि बाजही विणलीच जाते. ताण्याबाण्याची गुंफण, फासांची साखळी व गाठींची रांग या परस्परांहून सर्वस्वी भिन्न क्रिया येथे एकाच शब्दाच्या आश्रयाला आल्या आहेत. पालीतील 'विनाति' हे रूप याच शब्दकुळातले. नित्याच्या व्यवहारात या उदारतेने काही बिघडत नाही. परंतु वस्त्रविद्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तिच्यापासून सावध राहावे लागते. दोन वस्त्रे दिसण्यात सारखी व नावाने एकच असली, तरी त्यांची घडण, त्यांची यंत्रे आणि त्यांवर पोसलेली माणसे अगदी निराळी असू शकतात. लेस हे याचे उत्तम उदाहरण होय. प्रस्तुत लेखात, ताण्याच्या धाग्यांचे फास घालून जाळी व लेस निर्माण करणाऱ्या यंत्राची, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'वॉर्प निटिंग' म्हणतात त्या पद्धतीची, वाटचाल पाहावयाची आहे. आणि तिच्या अनुषंगाने, नाव हे वस्तूच्या नेमक्या कोणत्या अंगाला चिकटून राहते, या प्रश्नाचाही विचार करावयाचा आहे.

धाग्यांच्या मध्ये मोकळी जागा राखून ती ढळू न देणे, हा जाळीचा मूळ प्रश्न. तो मुख्यतः तीन प्रकारांनी सुटतो. पहिला गाठीचा : कोळ्याचे हाताने केलेले जाळे या जातीचे. दुसरा पिळाचा : उशीवर टाचण्या रोवून, बॉबिनांवर गुंडाळलेले धागे एकमेकांभोवती फिरवून युरोपातील स्त्रिया जी लेस करीत ती या जातीची. तिसरा फासाचा : एका फासातून दुसरा फास ओढून काढावयाचा, जसे आपण पायमोज्यात पाहतो. यंत्रांचा इतिहास म्हणजे यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांमधील सुमारे दोन शतकांची स्पर्धा आहे.

फासाच्या यंत्राचा आरंभ १५८९ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायर परगण्यात झाला. कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यात एकच धागा आडवा जाऊन सर्व सुयांवर क्रमाने फास घालीत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी याच यंत्रावर फास इकडेतिकडे सरकवून जाळी काढली; पण एक धागा तुटला की पुष्कळदा ती उसवत जाई. यावरचा उपाय ताण्याने दिला. १७७५ च्या सुमारास जोसाया क्रेन याने या यंत्राला ताणा जोडला, असे परंपरेने मानले जाते. आता प्रत्येक सुईला तिचा स्वतंत्र धागा मिळाला.

या यंत्राची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे. ताण्याच्या रुळावरून शेकडो धागे समांतर खाली येतात. प्रत्येक धागा एकेका नेढ्यातून ओवलेला असतो व ही सारी नेढी एका लांब पट्टीवर बसविलेली असतात. समोर सुयांची रांग असते. पट्टी सुयांमधून मागेपुढे झुलते आणि किंचित बाजूला सरकते. त्याबरोबर प्रत्येक धाग्याचा वेढा आपापल्या सुईवर पडतो. सुया खाली जातात आणि जुन्या फासातून नवा फास एकाच वेळी रांगभर ओढला जातो. धागा प्रत्येक ओळीत त्याच सुईवर पडत राहिला तर केवळ सुट्या उभ्या साखळ्या तयार होतील. कापड होणार नाही. म्हणून पट्टी दोन ओळींच्या दरम्यान बाजूला सरकते व धागा शेजारच्या सुईवर जाऊन दोन साखळ्यांना सांधतो.

जाळीचे सारे रहस्य या सांध्यात आहे. समजा, शेजारच्या दोन साखळ्या तीन-चार ओळींपर्यंत सुट्या ठेवल्या, नंतर सांधल्या, पुन्हा सुट्या ठेवल्या. जेथे सांधा नाही तेथे भोक पडते. आणि धाग्यांच्या ताणामुळे ते भोक बहुधा षट्कोनी आकार घेते. दोन पट्ट्या घेऊन त्यांतील काही नेढी रिकामी ठेवली व त्यांना परस्परविरुद्ध दिशांनी चालविले, तरीही हाच परिणाम साधतो. म्हणजे भोक पाडण्यासाठी यंत्र काहीही कापत नाही; ते केवळ एक सांधा घालण्याचे टाळते. लेस हवी असेल तर या जाळीवर आणखी पट्ट्या चढवावयाच्या. त्यांत मोजकेच धागे असतात. ते स्वतः फास घेत नाहीत, तर जमिनीच्या फासांत अडकून डावीउजवीकडे हिंडतात व पानाफुलांची आकृती भरून काढतात. कोणत्या पट्टीने कोणत्या ओळीत किती सरकावे हे ठरविण्यासाठी विल्यम डॉसन याने १७९१ मध्ये कडेला खाचा व उंचवटे असलेले चाक योजिले. पुढे त्याची जागा कमीअधिक उंचीच्या कड्यांच्या साखळीने घेतली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत्-नियंत्रणाने. तत्त्व मात्र डॉसनचेच राहिले.

इतके असूनही एकोणिसाव्या शतकात बाजी मारली ती पिळाने. जॉन हीथकोट (१७८३–१८६१) याने उशीवरची लेस बारकाईने पाहिली. तिच्यातील निम्मे धागे उभे जातात व निम्मे तिरपे, हे त्याने हेरले. त्याने उभ्या धाग्यांचा ताणा केला, तिरप्या धाग्यांसाठी पितळेच्या पातळ चकत्यांची बॉबिने केली आणि १८०८ व १८०९ मध्ये एकस्वे घेतली. त्याच्या यंत्रातून निघालेली 'बॉबिनेट' जाळी उशीवरच्या जाळीशी घडणीनेही जुळत असे. केवळ दिसण्याने नव्हे. याचा धक्का कोणाला बसला हे सांगावयास नको. २८ जून १८१६ च्या रात्री लफबरो येथील त्याच्या कारखान्यातील ५५ यंत्रे लडाइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगारांनी फोडली. त्या प्रकरणात जेम्स टाउल याला त्याच वर्षी फाशी झाली. हीथकोट डेव्हनमधील टिव्हर्टनला निघून गेला. १८२३ मध्ये त्याच्या एकस्वाची मुदत संपताच नॉटिंगहॅममध्ये बॉबिनेटची यंत्रे उभारण्याचे असे वेड पसरले की त्याला 'ट्विस्ट-नेट फीव्हर' हे नाव पडले. 'ट्विस्ट' म्हणजे पीळ. घडणीचा उल्लेख नावात येण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होय.

दरम्यान १८१३ मध्ये जॉन लीव्हर्स याने हीथकोटच्या यंत्रात सुधारणा केली होती. पुढे १८४१ मध्ये त्याला जॅकार्डची जोड मिळाली आणि हाताच्या लेसची बहुतेक नक्षी यंत्राच्या आटोक्यात आली. यंत्रे परदेशी नेण्यास ब्रिटिश कायद्याची बंदी होती; ती १८४३ मध्ये उठली. तथापि १८१६-१७ पासूनच इंग्रज कारागिरांनी ती चोरून खाडीपार नेली व फ्रान्समधील कॅले येथे नवे लेसकेंद्र उभे राहिले. हस्तोद्योगाची स्थिती कशी झाली, याची खूण १८४० मधील राणी व्हिक्टोरियाच्या विवाहवस्त्रात सापडते. संकटात सापडलेल्या डेव्हनच्या कारागीर स्त्रियांना काम मिळावे म्हणून तिने होनिटन लेस मागविली. तिची फुले हाताची होती. ती ज्या जाळीवर टाचली ती यंत्राची होती. नाव मात्र 'होनिटन' हेच राहिले.

फासाचे यंत्र या काळात मागे पडले, पण मेले नाही. मॅथ्यू टाउनसेंड याने १८४० नंतरच्या दशकात आकड्यावर मिटणारी लहानशी जीभ असलेली सुई शोधली. जर्मनीतील अपोल्डा येथील विल्हेल्म बारफुस याने १८५९ च्या सुमारास अशा सुया असलेले ताण्याचे यंत्र प्रचारात आणले. त्याला 'राशेल' हे नाव मिळाले ते एलिझाबेथ फेलिक्स राशेल (१८२१–१८५८) या विख्यात फ्रेंच नटीवरून. यंत्राच्या घडणीशी तिचा काडीचाही संबंध नाही.

खरी उलथापालथ दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. ताण्याच्या यंत्रात शेकडो फास एकदम पडतात; त्यामुळे एक धागा तुटला तरी सबंध कापडाला खोट येते. सुताचा धागा कमीजास्त जाड असे. नायलॉनचा अखंड, सारख्या जाडीचा व चिवट धागा मिळू लागताच यंत्राचा वेग वाढविता आला. शिवाय उष्णतेने जाळीचा आकार कायमचा बसविता येऊ लागला. १९५० नंतरच्या दशकात अनेक पट्ट्यांची राशेल यंत्रे लेस काढू लागली. लीव्हर्सच्या यंत्राहून ती कितीतरी वेगवान व स्वस्त होती आणि दुरून पाहणाऱ्याला फरक कळत नसे.

येथे नामप्रश्न उभा राहतो. १९५८ मध्ये फ्रेंच लेस-उत्पादकांनी 'दांतेल द कॅले' ही नाममुद्रा केवळ लीव्हर्स यंत्रावरील लेससाठी राखून ठेवली. २०१५ मध्ये कोद्री या गावाचे नाव तीत जोडून ती 'दांतेल द कॅले-कोद्री' झाली. म्हणजे ज्या यंत्राने हाताची लेस बाजारातून हुसकावली, त्याच यंत्राचे वारस दीडशे वर्षांनी अस्सलपणाचा दावा घेऊन फासाच्या यंत्रासमोर उभे राहिले. हा वाद शब्दांचा दिसला तरी त्यामागे कॅलेच्या कामगारांची पोटे होती.

भाषाशास्त्र हा वाद सोडवू शकेल काय? इंग्रजी 'लेस' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून लॅटिन 'लाक्वेउस' या शब्दापर्यंत जातो व त्याचा अर्थ चक्क 'फास' असा आहे. मग फासाची राशेल हीच खरी लेस, असा निवाडा कोणी व्युत्पत्तीच्या आधारे देऊ म्हणेल. पण तो चुकीचा ठरेल. या शब्दाचा अर्थ फासावरून दोरीकडे, दोरीवरून नाडीकडे आणि तेथून नक्षीदार किनारीकडे सरकला. मराठीने उसना घेतलेल्या 'बुटाची लेस' आणि 'पदराची लेस' या दोन प्रयोगांत त्यातील दोन टप्पे आजही शेजारी नांदतात. फ्रेंच 'दांतेल' म्हणजे 'लहानसा दात'. जर्मन 'श्पिट्झे' म्हणजे टोक. या दोन्ही भाषांनी वस्त्राची दातेरी कड पाहिली. मराठीच्या 'जाळी'ने मोकळी जागा पाहिली. धागे एकमेकांना कसे धरतात याची दखल यांपैकी एकाही शब्दाने घेतलेली नाही. नाव हे रूपाला चिकटते, क्रियेला क्वचितच. आणि म्हणूनच क्रिया बदलली तरी नाव टिकते.

संशोधनाच्या दृष्टीने यातून एक शिस्त निष्पन्न होते. जुन्या हिशेबवहीत, मालाच्या यादीत वा संग्रहालयाच्या चिठ्ठीवर 'लेस' किंवा 'नेट' असा शब्द आढळला, तर त्यावरून केवळ वस्तूचे दर्शनी रूप सिद्ध होते. तंत्र, काळ अथवा कारागीर सिद्ध होत नाही. त्यासाठी भिंग घेऊन एकच गोष्ट पाहावी लागते : तेथे गाठ आहे, पीळ आहे की फास आहे. हे ज्ञान दूरदेशीचेही नाही. आपल्याकडील पॉलिएस्टरची मच्छरदाणी भिंगाखाली धरली तर बहुधा फासांच्या साखळ्याच दिसतात. कोकणच्या किनाऱ्यावर गाठींच्या जाळ्यांशेजारी यंत्राची बिनगाठी जाळी आली, तरी कोळ्याने तिला 'जाळे' हेच नाव दिले. भाषेच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. इतिहासकाराला मात्र तेथे थांबता येत नाही.