मादेईरा : उभ्या बेटावरची कौटुंबिक सहल

लिस्बनच्या नैर्ऋत्येस सुमारे हजार किलोमीटरवर, भर अटलांटिक महासागरात मादेईरा हे पोर्तुगालचे बेट आहे. त्याचे मुख्य शहर फुंशाल. तेथे जानेवारीत दुपारचे तापमान १९ अंशांच्या आसपास असते आणि ऑगस्टमध्ये सरासरी २६ अंशांवर थांबते. कडाक्याची थंडी नाही, अंगाची लाही करणारे ऊन नाही. त्यामुळे आजी-आजोबा आणि नातवंडे यांना एकत्र नेण्याजोगे ठिकाण शोधणाऱ्यांना हे बेट साहजिकच आकर्षित करते. मात्र हवा सौम्य म्हणून जमीनही सौम्य असेल, असे गृहीत धरणाऱ्यांची तेथे फसगत होते.

बेटाची लांबी सुमारे ५७ किलोमीटर आणि रुंदी जेमतेम २२ किलोमीटर. एवढ्याशा जागेत पिकू रुईव्हू हे शिखर १,८६२ मीटर उंचीवर पोहोचते. साहजिकच गावे, शेते, रस्ते सारे उतारावर वसले आहे. हॉटेल समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर असल्याची जाहिरात वाचून आरक्षण करावे आणि प्रत्यक्षात तो अर्धा किलोमीटर म्हणजे घाम काढणारा खडा चढ निघावा, हा अनुभव नवखा नाही. गुडघे दुखणारी व्यक्ती किंवा बाबागाडीतील मूल सोबत असेल, तर फुंशालच्या पश्चिमेकडील लीदू परिसर त्यातल्या त्यात सोयीचा. तेथे समुद्राच्या कडेने फिरण्यासाठी बऱ्यापैकी सपाट मार्ग आहे.

हवामानाचे गणितही या डोंगरांनीच मांडले आहे. ईशान्येकडून येणारे वारे उत्तरेच्या उतारांवर आपली वाफ रिती करतात. त्यामुळे उत्तर बाजू हिरवीगार व ओली राहते, तर दक्षिणेला ऊन अधिक मिळते. मुक्काम दक्षिणेकडे ठेवावा तो याच कारणाने. जूनमध्ये मात्र फुंशालवरही दिवसच्या दिवस ढगांचे छत्र राहू शकते. स्थानिक लोक त्याला ‘कापासेत’, म्हणजे शिरस्त्राण म्हणतात. फुलांसाठी एप्रिल-मे आणि समुद्रस्नानासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. फुंशाल ढगाखाली असताना १,८१८ मीटर उंचीच्या पिकू दू आरिएरूवर लख्ख ऊन असते, आणि याच्या अगदी उलटही घडते. या शिखराजवळ थेट मोटार जाते, पण वर निघण्यापूर्वी तेथील कॅमेऱ्याचे थेट चित्र इंटरनेटवर पाहून घ्यावे आणि उबदार कपडे सोबत ठेवावेत.

मुलांना वाळूत खेळायचे असेल, तर आधीच स्पष्ट कल्पना द्यावी. बहुतेक किनारा काळ्या दगडगोट्यांचा आहे. काल्येता येथील पिवळी वाळू चक्क मोरोक्कोहून आणून टाकलेली आहे. त्याची भरपाई वायव्य टोकाला पोर्तू मोनीश येथे होते. लाव्हारसाच्या खडकांत तयार झालेल्या तेथील कुंडांत समुद्राचे पाणी खेळते. खरा वालुकामय किनारा हवा असल्यास शेजारच्या पोर्तू सांतू बेटावर जावे. तेथे तो सलग नऊ किलोमीटर आहे. बोटीने दोन-सव्वादोन तास लागतात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी ही बोट काही आठवडे बंद असते, हे ध्यानात असावे.

मादेईराची खरी ओळख म्हणजे ‘लेव्हादा’. पावसाळी उत्तरेकडचे पाणी दक्षिणेच्या उसाच्या मळ्यांना पोहोचवण्यासाठी पंधराव्या शतकापासून खोदले गेलेले हे पाट आज दोन हजार किलोमीटरहून अधिक भरतात. त्यांच्या कडेची वाट जवळजवळ सपाट असते, म्हणून ती सोपी वाटते. परंतु काही ठिकाणी ती हातभर रुंद असून पलीकडे शेकडो फुटांची दरी असते. काही वाटा अंधाऱ्या बोगद्यांतून जातात, तेथे विजेरी लागते. लहान मुलांसह बाल्कोइंशची वाट निवडावी. जाण्याचे अंतर अवघे दीड किलोमीटर असून ती दरीवरील सज्जाशी संपते. वणवे व दरडींमुळे वाटा वरचेवर बंद होतात, तेव्हा बंदीचा फलक दिसल्यास माघारी फिरावे. पावसाचा इशाराही हलक्यात घेऊ नये. २० फेब्रुवारी २०१० रोजी डोंगरावरून आलेल्या लोंढ्यांनी फुंशाल व परिसरात ४० हून अधिक बळी घेतले होते.

खाण्याच्या बाबतीत मराठी कुटुंबाला, विशेषतः गोव्याशी नाते असलेल्यांना, ओळखीच्या खुणा सापडतील. तेथे नाताळात शिजणारे लसूण-मद्यातील डुकराचे मांस हे गोव्याच्या ‘विंदालू’चे सख्खे भावंड. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांनीच दिलेला. रताळे घालून केलेला ‘बोलू दू काकू’ हा चपटा पाव लसणीच्या लोण्यासोबत शाकाहारी मंडळींचा मोठा आधार ठरतो. मात्र सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारूनच मागवावे.

भारतातून थेट विमान नाही. लिस्बनहून पावणेदोन तासांचा प्रवास आहे. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातलगांकडून थेट विमानाने जाणाऱ्यांचीही त्यातून सुटका नाही. विमानतळाची कथा वेगळीच. १९७७ मध्ये आखूड धावपट्टीवरून विमान पुढे निसटून १३१ जण दगावले. पुढे धावपट्टी टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. २००० साली पूर्ण झालेला तिचा वाढीव भाग समुद्रकाठी १८० खांबांवर उभा आहे. लांबी वाढली तरी डोंगरावरून वळून येणारे वारे तसेच राहिले. तेथे उतरण्यासाठी वैमानिकांना खास प्रशिक्षण घ्यावे लागते आणि वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास विमाने पोर्तू सांतूला किंवा थेट लिस्बनला वळवली जातात. म्हणूनच मादेईराहून परतल्यावर त्याच दिवशी मायदेशाचे विमान पकडण्याचा बेत आखू नये. मध्ये एक रात्र लिस्बनला ठेवावी आणि आजी-आजोबांची औषधे हातातल्या पिशवीतच असू द्यावीत.