वर्डमध्ये फोटो टाकला की मजकूर का विस्कटतो? मुलांना चित्रं आणि आकार शिकवताना काय सांगायचं

शाळेचा प्रकल्प टाइप करून झालेला असतो. त्यात जंजिऱ्याचा फोटो टाकला की अर्धा परिच्छेद पुढच्या पानावर पळतो आणि शीर्षक एकटंच मागे राहतं. फोटो माउसने ओढायला जावं तर तो मनासारखा हलत नाही, किंवा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. मग मुलं एंटर आणि स्पेसबार दाबत राहतात. घरच्या संगणकावर पान कसंबसं जुळतं, पण झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी फाइल उघडली की पुन्हा तेच.

चित्र टाकायची कृती शिकवायला दोन मिनिटं पुरतात: इन्सर्ट, मग पिक्चर्स, फाइल निवडा, झालं. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेल्या कोणालाही ती येते. शिकवायची खरी गोष्ट पुढे आहे. ते चित्र मजकुराशी कोणत्या नात्याने बसलं आहे, हे मुलाला कळायला हवं.

चित्र म्हणजे एक मोठं अक्षर

वर्डमध्ये चित्र टाकल्यावर ते सहसा ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ या पद्धतीने बसतं. म्हणजे वर्डच्या दृष्टीने ते ओळीतलं एक अक्षर असतं, फक्त अवाढव्य. हे दाखवायची सोपी युक्ती आहे. मुलांना ओळीच्या मध्ये एक ‘क’ लिहायला सांगा आणि त्याचा आकार ७२ करा. ओळ उंच होते, खालचा मजकूर सरकतो. चित्राचंही अगदी हेच होतं. ‘क’ मधोमध आणायचा तर आपण सेंटरचं बटण वापरतो, तसंच चित्रासाठीही वापरायचं. स्पेसबारची गरजच नाही.

यातूनच एक नेहमीचं कोडं सुटतं. कधी कधी फोटोची फक्त खालची पट्टी दिसते, बाकी गायब. फोटो बिघडलेला नसतो. त्या परिच्छेदाला ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ दिलेलं असतं, म्हणून उंच ‘अक्षर’ कापलं जातं. देवनागरी फॉन्टमध्ये ओळी फार लांब पडतात म्हणून बरेच जण हे अंतर आवळून ठेवतात आणि मग फोटोला दोष देतात. त्या एका परिच्छेदाचं अंतर ‘सिंगल’ करा, फोटो पूर्ण दिसेल.

चित्र निवडल्यावर शेजारी ‘लेआउट ऑप्शन्स’चं छोटं बटण येतं. तिथे ‘स्क्वेअर’ निवडलं की चित्र ओळीतून सुटतं, मोकळं होतं आणि मजकूर त्याच्या कडेने वाहतो. मोकळं झालं तरी ते कोणत्या तरी परिच्छेदाला बांधलेलं असतं. चित्र निवडल्यावर दिसणारी नांगराची खूण ती गाठ दाखवते. किनाऱ्यावरच्या मुलांना ही उपमा वेगळी समजवावी लागत नाही. नांगर टाकलेली होडी थोडी इकडेतिकडे डोलते, पण नांगर ओढला की होडीही जाते. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्रही जातं, आणि परिच्छेद पुसला तर चित्रही पुसलं जातं. ‘माझा फोटो आपोआप उडाला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

नवशिक्यांना मोकळी चित्रं शक्यतो देऊच नयेत, असं माझं मत आहे. दोन फोटो शेजारी-शेजारी हवे असतील तर दोन रकान्यांचं टेबल घाला, प्रत्येक रकान्यात एक फोटो ठेवा आणि टेबलाच्या रेघा काढून टाका. दिसायला नीटनेटकं दिसतंच, शिवाय फाइल लिब्रेऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये उघडली तरी फोटो सहसा आपल्या जागी राहतात.

आकार शिकवायला कुलाबा किल्ला

बाण, वर्तुळं, चौकोन शिकवताना ‘काहीही काढा’ म्हटलं की वहीभर हृदयं आणि चांदण्या येतात. त्यापेक्षा काही समजावून सांगायला आकार वापरायला द्या. अलिबागचा कुलाबा किल्ला यासाठी उत्तम आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला तो पाण्याने वेढला जातो. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून ओहोटीची वेळही रोज पुढे सरकते. हे शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो, आकृतीत दोन चित्रं पुरतात.

किनाऱ्यासाठी एक आकार, किल्ल्यासाठी एक चौकोन, समुद्रासाठी निळा चौकोन. आता निळा चौकोन किल्ल्याला झाकून टाकतो. ‘सेंड टू बॅक’ का लागतं, हे इथे मुलाला स्वतःहून कळतं: नंतर काढलेला आकार आधीच्यावर बसतो, एकावर एक ठेवलेल्या कागदांसारखा. मग संपूर्ण आकृतीची नक्कल करून दुसऱ्या आकृतीत पाणी खाली आणायचं. एक भरती, एक ओहोटी. शिफ्ट दाबून ठेवलं तर रेघ सरळ येते आणि वर्तुळ अंडाकृती होत नाही, हेही याच वेळी सांगून टाकावं.

मोठ्या वर्गासाठी निसर्ग चक्रीवादळ घ्या. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. नकाशाच्या चित्रावर वाकडा बाण काढून त्याची दिशा दाखवायची. इथे हमखास अडतं. नकाशा ओळीतलं ‘अक्षर’ असतो आणि बाण मोकळा, त्यामुळे वर एक ओळ वाढली की नकाशा खाली सरकतो आणि वादळ भलत्याच गावावर जातं. आधी नकाशाला ‘स्क्वेअर’ किंवा ‘टॉप अँड बॉटम’ करा, मग शिफ्ट दाबून नकाशा आणि बाण दोन्ही निवडा आणि राइट क्लिक करून ‘ग्रुप’ करा. ओळीत बसलेलं चित्र ग्रुप होत नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. मोकळी चित्रं देऊ नयेत म्हटलं, त्याला हा रास्त अपवाद.

फोटो कुठून आणि कसा?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो स्क्रीनवर बरा दिसतो, छापल्यावर धुरकट. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना बारीक करतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर मूळ स्वरूपात येतो. समास सोडून ए-फोर पानाची रुंदी साधारण १६ सेंटिमीटर राहते. तेवढा रुंद फोटो नीट छापायला आडवे १२५० पिक्सेल पुरेसे होतात. लहान-मोठा करताना कोपरा धरून ओढायचं. बाजूची कड ओढली की माणसं चपटी होतात.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकण्या-शिकवण्यासाठी सवलत आहे. पण तोच प्रकल्प फेसबुकवर टाकणं ही वेगळी गोष्ट. किल्ला जवळच असेल तर स्वतः फोटो काढलेला केव्हाही चांगला. नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवर पाहा आणि छायाचित्रकाराचं नाव व परवाना चित्राखाली लिहा.

वर्डमध्ये फोटोचा नको असलेला भाग ‘क्रॉप’ केला तरी तो फाइलमध्ये शिल्लक असतो, आणि फाइल मिळालेला कोणीही तो परत उघडा करू शकतो. मुलांना हे प्रत्यक्ष दाखवता येतं. डॉक्युमेंटची एक प्रत करा आणि नावातलं शेवटचं ‘डॉक्स’ काढून ‘झिप’ लिहा. आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ फोल्डर सापडेल आणि त्यात क्रॉप केलेला फोटो पूर्ण दिसेल. सहलीच्या फोटोतून कापलेली मैत्रीण, मागच्या फळ्यावरचा फोन नंबर, सगळं तिथेच. त्यामुळे फाइल ग्रुपवर टाकण्याआधी फोटो निवडून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण करा, फाइल सेव्ह करा आणि मीडिया फोल्डर पुन्हा एकदा तपासा.