‘नेटिव’ : एका विशेषणाची कुळकथा

गेल्या शतकाच्या आधींच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील, इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘नेटिव’ हें विशेषण पदोपदीं भेटतें. नेटिव पलटण, नेटिव संस्थानिक, नेटिव व्यापारी! मूळ लॅटिन शब्दांत ‘जन्मानें प्राप्त झालेला’ एवढाच अर्थ. ‘नेशन’ हाही त्याच कुळांतला. प्रारंभीं आपले लोक त्याचें ‘एतद्देशीय’ असें सरळ भाषांतर करीत आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नसे. १८५७ च्या धामधुमींत मात्र त्यांत विष कालवलें गेलें. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज ब्यूस्ट यांनीं एतद्देशीयांवर एवढी आग पाखडली, कीं पत्राचे हिंदी भागीदार खवळले आणि ब्यूस्टसाहेबांस संपादकपद सोडावें लागलें.

आणि मौज पाहा! १८६४ सालीं रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनीं मुंबईंत पत्र काढलें, त्याचें नांवच मुळीं ‘नेटिव ओपिनियन’. परक्यानें हिणविण्यासाठीं वापरलेलें विशेषण त्यांनीं उघड मस्तकीं मिरविलें. मला तर ही करारी वृत्ति फार आवडते. पुढें १८८५ सालीं मुंबईंतच भरलेल्या राष्ट्रसभेच्या नांवांत ‘नेटिव’ नव्हतें, ‘नॅशनल’ होतें; म्हणजे त्याचेंच सख्खें भावंड.