‘स्वराज्याचें तोरण’ आणि ‘उदयकाल’ : एका नामांतराचा विचार

माहीम येथील समुद्रकांठच्या विस्तीर्ण मैदानास आज शिवाजी पार्क म्हणतात. १९२७ पर्यंत त्याचें नांव माहीम पार्क असें होतें. त्या सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नगरपालिकेनें त्यास श्रीशिवछत्रपतींचें नांव दिलें. पुढें अवघ्या तीन वर्षांनीं, त्याच छत्रपतींच्या चरित्रावरील एका मूकपटास मात्र आपलें मूळ नांव टाकावें लागलें. एकाच राजवटींत हा भेद कां झाला, याचा विचार या टिपणांत करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची हकीकत. रंगभूमीवर सरकारची नजर १८७६ च्या नाट्यप्रयोगांच्या कायद्यापासूनच होती, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० सालीं बंदी आली, हें वाचकांस ठाऊकच आहे. चित्रपटांसाठीं स्वतंत्र कायदा १९१८ सालीं झाला व १९२० सालीं मुंबईस परीक्षण-मंडळ बसलें. त्याचें अध्यक्षपद पोलीस कमिशनराकडे असे, यावरूनच मंडळाचा रोख दिसून येतो. एका प्रांतांत मिळालेलें प्रमाणपत्र सर्व ब्रिटिश मुलखांत चाले; तथापि प्रांतिक सरकारास तें आपल्या हद्दीपुरतें रद्द करतां येई, व जिल्हा मॅजिस्ट्रेटासही खेळ तहकूब करण्याचा अधिकार होता.

या दुहेरी कुंपणाचा अनुभव दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीस १९२१ सालींच आला. तिच्या ‘भक्त विदुर’ या महाभारतकथेवरील चित्रांत कंपनीचे मालक द्वारकादास संपत यांनीं स्वतः विदुराची भूमिका केली. परंतु हा विदुर खादीचा सदरा व गांधी टोपी घालून पडद्यावर आला. कथा पुराणांतली, पोषाख मात्र असहकारितेचा. कराची व मद्रास येथें चित्रावर बंदी आली. कीचकवधाची युक्ति, म्हणजे पुराणाच्या आडून वर्तमान बोलण्याची युक्ति, आतां अधिकाऱ्यांस पुरती परिचित झाली होती.

आतां मुख्य प्रकरण. कोल्हापुरांत १९२९ सालीं स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनें शिवचरित्रावर एक मूकपट तयार केला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, शिवाजीची भूमिकाही त्यांचीच. चित्राचें नांव ‘स्वराज्याचें तोरण’ असें योजिलें होतें. तोरणा किल्ला घेऊन महाराजांनीं स्वराज्याचें तोरण बांधलें, हा श्लेष मराठी मनास समजावून सांगण्याची गरज नाहीं. परंतु साल १९३० चें होतें. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. परीक्षकांनीं नांवास हरकत घेतली, तसेंच गडावर निशाण चढविण्याच्या अखेरच्या प्रसंगासही घेतली. चित्र ‘उदयकाल’ या नांवानें बाहेर पडलें.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, शिवाजीस हरकत नव्हती. मैदानावर तो चालला, पडद्यावरही चालला. चाललें नाहीं तें त्याच्या कार्याचें नांव व त्या कार्याचें चिन्ह. गेलेला राजा सरकारास सोसवत होता; त्याच्या तोंडचा जिवंत शब्द सोसवत नव्हता. याच नियमानें पुढें १९३५ सालीं, प्रभातच्याच एकनाथचरित्रावरील ‘महात्मा’ या बोलपटास ‘धर्मात्मा’ व्हावें लागलें. बालगंधर्वांनीं रंगविलेले नाथ राहिले. गांधींची आठवण देणारी पदवी गेली.

चित्रकारांनीं सरकारास चकविलें असा निष्कर्ष यावरून कोणी काढतील, तर तो आम्हांस पूर्ण मान्य नाहीं. ‘उदयकाल’ या शब्दांत आशय बराच वांचला, हें खरें. पण निशाणाचा प्रसंग गेला तो गेलाच. तडजोडीचा लाभ व तिची किंमत दोन्ही जमेस धरलीं पाहिजेत. स्वातंत्र्यानंतरही पूर्वपरीक्षण संपलें नाहीं. १९५२ चा कायदा आला, आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या अर्जावर १९७० सालीं सर्वोच्च न्यायालयानें पूर्वपरीक्षण घटनेस धरूनच आहे असा निर्णय दिला.

संग्राहकांस आमची विनंति अशी. हिंदुस्थानांत तयार झालेल्या सुमारें तेराशें मूकपटांपैकीं मोजकेच उरले आहेत. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही. २००३ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांतील अशा फिल्मांना लागलेल्या आगींत मोठें धन जळालें. यास्तव कथासार छापलेल्या चोपड्या, जाहिराती, हस्तपत्रकें हीच आतां अस्सल साधनें होत. तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. सूची करतांना ‘स्वराज्याचें तोरण’ व ‘उदयकाल’ हीं दोन भिन्न चित्रें धरूं नयेत. एकाच नोंदींत दोन्ही नांवें द्यावींत, आणि मूळ नांव आधीं द्यावें. पोथींत हरताळ लावलेल्या अक्षराखालीं पूर्वींचें अक्षर कोणतें, हें आपण भिंग घेऊन शोधतों. चित्रपटांच्या बाबतींतही तीच कसोटी लावणें आपलें कर्तव्य आहे.