शब्दांचा लिलाव

कामगार चळवळीत पडलो त्या पहिल्या वर्षी वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी मला भाषण करावयास दिले नाही. पगाराच्या चिठ्ठीवरील प्रत्येक शब्द कामगाराला समजावून द्यावयाचा, एवढेच काम दिले. कपात म्हणजे काय, प्रॉव्हिडंट फंड कशाला म्हणतात, बदली कामगार आणि कायम कामगार यांत कायद्याने कोणता फरक पडतो, हे मला तरी कुठे ठाऊक होते? शिकवता शिकवता शिकलो. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही त्याच्याखाली आपण अंगठा देतो, एवढे त्या दिवसांत पक्के समजले.

तीच शिदोरी घेऊन आज आपल्यापुढे आलो आहे. गेल्या हंगामात देवबागकडील एक बाई एक बिल घेऊन माझ्याकडे आल्या. घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात, सोलकढी-मासे करून घालतात, त्यावर संसार चालतो. बिल एका जाहिरात कंपनीचे होते. त्यावर एस.ई.ओ., कीवर्ड, बॅकलिंक, इम्प्रेशन, लीड अशी नावे आणि प्रत्येकापुढे रक्कम. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "काय ओ भाऊ, ह्या इम्प्रेशन म्हणजे नेमका काय ता? बारा हजार लिवलंहत, नि पावणो एकय नाय."

हा प्रश्न तसा इतिहासाचाच आहे.

ज्या काळात आपला जिल्हा पर्यटनाच्या वाटेस लागला, त्याच काळात हे शब्दही जन्मास आले. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली. आणि त्याच १९९८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लॅरी पेज व सर्जी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. गाडीतून उतरणारा पाहुणा पुढे कोणाच्या दारी जाईल, हे हळूहळू स्टेशनावरच्या रिक्षावाल्याच्या हातून निसटून त्या कंपनीच्या यंत्राच्या हाती गेले.

यंत्र त्याआधीही होती. १९९० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अॅलन एमटेज याने 'आर्ची' नावाचे शोधयंत्र केले. ते फक्त फायलींची नावे शोधी. १९९४ साली सुरू झालेल्या याहूची सूची माणसे हाताने लावीत. पाने वाढली तशी माणसे अपुरी पडली आणि यंत्रे पानोपानी हिंडून शब्द मोजू लागली. या हिंडण्याला क्रॉल म्हणतात आणि जमविलेल्या सूचीला इंडेक्स. गिऱ्हाईक जो शब्द टाकून शोधते तो कीवर्ड. आता शब्द मोजूनच क्रम लागतो असे कळल्यावर व्यापाऱ्याने काय करावे? एकच शब्द शंभरदा लिहावा. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत लिहिण्यापर्यंत मजल गेली. माणसाला दिसू नये, यंत्राला दिसावे!

पेज आणि ब्रिन यांनी निराळी युक्ती काढली. विद्वानांच्या जगात ज्या निबंधाचा इतर निबंध हवाला देतात तो वजनदार मानतात. तसाच, ज्या पानाकडे दुसरी वजनदार पाने बोट दाखवितात ते पान वर आणावे. दुसऱ्याने आपल्याकडे दाखविलेले हे बोट म्हणजे बॅकलिंक. कल्पना चांगली होती, पण साक्षीला किंमत आली की साक्षीदार विकत मिळू लागतात. कोर्टाच्या आवारात उभे राहिलेल्या कोणालाही हे सांगावयास नको. पैसे घेऊन बोटे दाखविणाऱ्या पानांची शेतेच्या शेते उभी राहिली. गूगलने २०११ साली 'पांडा' आणि २०१२ साली 'पेंग्विन' या नावांचे फेरबदल करून पोकळ मजकूर आणि विकतच्या साक्षी खाली ढकलल्या. यंत्राला आपले पान नीट कळावे व ते वरच्या क्रमाला यावे म्हणून करावयाची ही सारी खटपट म्हणजे एस.ई.ओ. ती प्रामाणिकही असते आणि लबाडही. परंतु पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. बाईंच्या बिलावर ती हमी ठळक अक्षरांत छापलेली होती.

इम्प्रेशन हा मुळात छापखान्याचा शब्द, ठसा या अर्थाचा. इथे जाहिरात एकदा पडद्यावर आली की एक इम्प्रेशन. कोणी ती वाचलीच पाहिजे असे नाही. भाव हजारावर ठरतो. बारा हजार म्हणजे बारा हजार माणसे नव्हेत. एकाच माणसापुढे ती दहादा आली तर दहा मोजतात. जाहिरातीवर बोट दाबले की क्लिक. नाव, फोन देऊन चौकशी केली की लीड. खोली घेतली की कन्व्हर्शन, म्हणजे इंग्रजीत धर्मांतर! या साऱ्या उतरंडीला ते फनेल म्हणतात, आपले नरसाळे. नरसाळ्यात ओतलेले तेल सगळे खाली उतरते. इथे बहुतेक वाटेतच सांडते. तेव्हा चाळण म्हटले असते तर खरे झाले असते.

यातले सगळेच परके आहे असे मात्र नाही. गिऱ्हाइकाला उपयोगी मजकूर द्यावा, माल मागाहून आपोआप खपतो, यास हल्ली कंटेंट मार्केटिंग म्हणतात. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढले ते कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी. त्याचे पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. आणि आपल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर? ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' सुरू केले तेव्हा एकाच पानावर एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी ठेवला. वाचणारा कोणत्या भाषेत येईल याचा विचार आधी केला. आमचे खोलीवाले आज पाटी इंग्रजीत लावतात, आणि पुण्याचा पाहुणा देवनागरीत शोधतो.

आता पैशाची गोष्ट. १९९८ साली गोटू नावाच्या कंपनीने शब्दांचाच लिलाव मांडला. ज्याची बोली मोठी त्याचे नाव वर, आणि कोणी क्लिक केले तरच पैसे. गूगलने २००० साली जाहिराती सुरू केल्या आणि २००२ साली क्लिकवर लिलाव आणला; त्यात बोलीबरोबर जाहिरात किती जणांना पसंत पडते हेही धरले, आणि जिंकणाऱ्याने आपली पुरी बोली न देता खालच्याला मागे टाकण्यापुरते द्यावे असे ठरविले. मालवण बंदरावर आपण रोज लिलाव पाहतो. तिथे सुरमईवर बोली लागते आणि पैसा ज्याने जाळे ओढले त्याच्या पदरात पडतो. या लिलावात बोली लागते ती 'तारकर्ली' या शब्दावर. गाव आपला, नाव वाडवडिलांपासूनचे. आणि शेजारी शेजाऱ्यावर बोली चढवितो, पैसा समुद्रापलीकडे जातो.

खोलीवाल्यांच्या एका बैठकीत मी सुचविले की निदान आपसांत बोली लावू नका. सर्वांचे मिळून एक पान करा, दोन्ही भाषांत, आणि गूगलच्या नकाशावर प्रत्येकाने आपले घर फुकट नोंदवा. नोंदणीचे सर्वांना पटले. बोलीवर मात्र एक तरुण उठून म्हणाला, "आमी थांबलों तरी भायरचो दलाल बोली लावतलोच. तेका कोण थांबवतलो?" मला उत्तर देता आले नाही. गिरणीत संप करताना फाटक एकच असे. या बाजाराला फाटकच नाही.

बाईंनी त्या कंपनीला तीन प्रश्न लिहून पाठविले: क्लिक किती, ते कोणत्या गावांहून, आणि फोन किती आले. उत्तर आले की तपशील पुढील महिन्याच्या बिलासोबत पाठवू. त्यांनी पुढील महिन्याचे पैसे अडवून धरले आहेत.